दुहेरी वळणाचा पत्रा

फेब्रुवारी २०१८ मध्ये पॅरिसला जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे जॅग्वार कंपनीने जाहीर केले, की १९५५ साली आपण डी-टाइप या शर्यतीच्या गाडीचे १०० नग काढणार होतो, प्रत्यक्षात ७५ निघाले. तर राहिलेले २५ आता पुरे करू. जुन्याच नकाशांवरून, जुन्याच रीतीने, पत्रा हाताने घडवून. साधारण त्याच सुमारास इकडे चिकलठाण्याच्या एसटी कार्यशाळेत उलटा प्रवास चालला होता. वर्षानुवर्षे जी ॲल्युमिनियमची बॉडी बांधली, ती सोडून महामंडळ माइल्ड स्टीलच्या बॉडीकडे वळत होते.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तिकडे कोट्यधीशांची हौस, इकडे बीड-परळीच्या उतारूंची सोय. तरीही दोन्हीकडे माल एकच होता: दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. तो हाताने घडवायची विद्या आपल्याकडे कधी आली, कुठे रुजली आणि कुठून निसटली, याचा मागोवा घेताना मला शर्यतीची गाडी आणि एसटीचा लाल डबा वेगळे काढता आले नाहीत.

आधी हे काम म्हणजे काय ते पाहू. पत्रा एका बाजूने वाकवणे सोपे आहे. कागदाची सुरळी होते तसा तो वळतो. पाइपावर दाबा, रोलरमधून काढा, बाक येतो. बसचे छत किंवा ट्रकच्या पेटीची कड अशी निघते. खरा प्रश्न येतो तो पत्र्याला एकाच जागी दोन दिशांनी बाक द्यायचा असतो तेव्हा. मडगार्डचा फुगवटा, दिव्याभोवतीची खोबण, बसच्या टपाचा कोपरा, शर्यतीच्या गाडीचे नाक. इथे पत्रा नुसता वाकून भागत नाही. मधला भाग ताणावा लागतो, नाहीतर कडा आखडाव्या लागतात, आणि बहुतेक वेळा दोन्ही करावे लागते.

ताणणे त्या मानाने सोपे. वाळूची किंवा छऱ्यांची चामडी उशी घ्यायची, तिच्यावर पत्रा ठेवायचा आणि नासपतीच्या आकाराच्या लाकडी मोगरीने ठोकत जायचे. लोखंडी हातोडा इथे नको. त्याने खड्डे पडतात आणि पत्रा नको तिथे पातळ होतो. लाकडी ओंडक्यात कोरलेल्या खळग्यावरही हेच काम होते. कड आखडणे मात्र कसोटीचे. पत्र्याच्या कडेला मुद्दाम चुण्या पाडायच्या, मोदकाच्या पारीला पाडतात तशा, म्हणजे मधला भाग आपोआप वाटीसारखा खोल होतो. मोदकाच्या चुण्या तशाच ठेवून वर टोक काढतात. इथे प्रत्येक चुणी टोकाकडून बंद करत, ती उलटी पडणार नाही अशा बेताने, पत्र्यातच जिरवायची असते. चुणी जिरली की तेवढ्या जागी पत्रा जाड होतो. चुणी दुमडून एकीवर एक बसली तर तो तुकडा गेला, पुढे तिथे चीर ठरलेली.

ठोकता ठोकता ॲल्युमिनियम कडक होत जाते. हातोड्याचा आवाज बदलतो, तो टणक वाजू लागतो. मग ताव देऊन त्याला नरम करायचे. तांब्याला ताव देणाऱ्याला डोळ्याचा आधार असतो, कारण तांबे लाल होते. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. ६६० अंशांना ते वितळते आणि क्षणभर आधीपर्यंत तोंडावर काही दाखवत नाही. बेसावध माणसाच्या समोर पत्र्याला एकदम भोक पडते. नरम व्हायला ३५० ते ४०० अंश पुरे असतात. ते ओळखायची जगभरच्या कारागिरांची युक्ती म्हणजे गॅसच्या टॉर्चचा ऑक्सिजन कमी करून पत्र्यावर काजळी धरायची, मग ऑक्सिजन वाढवून तीच काजळी ज्योतीने हळूहळू उडवायची. काजळी गेली की पत्रा नरम झाला. काहीजण साबणाची वडी घासतात. साबण काळपट-तपकिरी झाला की टॉर्च बाजूला.

यानंतर येते इंग्लिश व्हील. उंच इंग्रजी सी अक्षरासारखा लोखंडी सांगाडा, वर मोठे सपाट चाक, खाली लहान फुगीर चाक. दोन्हींच्या चिमटीतून पत्रा पुढे-मागे फिरवत राहायचा. प्रत्येक फेरीला पत्रा किंचित ताणला जातो आणि मोगरीचे उंचवटे विरत जातात. यंत्र म्हणावे तर त्याला ना मोटर ना पट्टा. सगळी अक्कल हातात. शेजारी गाडीच्या आकाराचा लाकडी सांगाडा उभा असतो. पुन्हापुन्हा पत्रा त्याच्यावर टेकवून बघायचा, कुठे उचलला जातोय, कुठे टेकतोय, तिथे खूण करायची आणि परत उशीवर. एक मोठे मडगार्ड अखंड क्वचितच निघते. चार-पाच तुकडे घडवून ते गॅसने जोडायचे. तिथेही नखरा आहेच: ॲल्युमिनियमवर जो अदृश्य ऑक्साइडचा थर असतो तो दोन हजार अंशांवर वितळतो, खालचा धातू मात्र ६६० ला पाणी होतो. म्हणून फ्लक्स लावावा लागतो, आणि जोड झाल्यावर तो गरम पाण्याने घासून धुवावा लागतो. राहिला तर वर्षभरात रंगाखालून पांढरी भुकटी डोकावते. जोडाची शिवण डॉली नावाच्या लोखंडी ठोकळ्यावर धरून सपाट करायची, कानशीने उंच-सखल शोधायचे. रंगाआधी लांबी भरावी लागली नाही तर तो खरा हात.

शर्यतीच्या गाड्यांनी हा धातू उचलला तो आधी वजनासाठी. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश भरते. मिलानच्या तूरिंग या कारखान्याने १९३० च्या दशकात बारीक नळ्यांच्या जाळीवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायची पद्धत आणली आणि तिला नावच दिले 'सुपरलेजेरा', म्हणजे अतिहलकी. याच काळात इंदूरचे यशवंतराव होळकर अमेरिकेची ड्युसेनबर्ग चेसी घेऊन लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर स्पीडस्टर बॉडी बांधून घेत होते, होळकरी केशरी आणि काळ्या रंगात. चेसी एकाची, बॉडी दुसऱ्याची, असा तो जमाना. ॲशच्या लाकडाचा सांगाडा आणि वर ठोकून बसवलेला पत्रा, हे इंग्रज कोचबिल्डरांचे नेहमीचे तंत्र. एक मराठी संस्थानिक त्यांचे गिऱ्हाईक होता. कारागीर मराठी नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र बदलले. विमानांच्या कारखान्यांत हजारो माणसे ॲल्युमिनियम घडवायला शिकली आणि युद्ध संपल्यावर ती रिकामी झाली. इंग्लंडात पोलाद रेशनवर होते, ॲल्युमिनियम मात्र उरलेले होते. १९४८ च्या लँड रोव्हरला ॲल्युमिनियमची बॉडी मिळाली ती या अडचणीतून. जॅग्वारच्या सी-टाइप आणि डी-टाइपची वळणे आखणारा माल्कम सेयर हाही ब्रिस्टल विमान कंपनीतून आलेला. तो वळण डोळ्याने न काढता गणिताने काढायचा, आणि ते गणित पत्र्यात उतरवायचे काम कॉव्हेंट्रीतल्या ॲबे पॅनल्सच्या माणसांकडे. ल मान्सची चोवीस तासांची शर्यत सी-टाइपने १९५१ आणि १९५३ मध्ये जिंकली, डी-टाइपने १९५५ पासून लागोपाठ तीनदा. इटलीतल्या मोडेनाला सर्जिओ स्काग्लिएत्तीचा कारखाना फेरारीच्या शर्यतीच्या गाड्या घडवत होता, आणि तिथे गणितापेक्षा नजर चाले. त्यामुळे जुन्या फेरारीचा डावा आणि उजवा फुगवटा मोजायला घेतला तर जुळत नाही, आणि संग्राहक त्यावरच भाळतात.

भारतातली कडीही विमानातूनच येते, आणि ती एका सोलापूरकराच्या हातून. वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारला सोबत घेऊन बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली. वर्षभरात तिथे विमान जोडले गेले, लवकरच सरकारने कारखाना ताब्यात घेतला, आणि युद्धात तो अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीला जुंपला गेला. युद्ध संपल्यावर प्रश्न तोच: रिबीट मारणाऱ्या आणि पत्रा वळवणाऱ्या इतक्या हातांचे करायचे काय? हिंदुस्थान एअरक्राफ्टने रेल्वेचे संपूर्ण धातूचे डबे आणि बसच्या बॉड्या बांधायला घेतल्या. इंग्लंडात विमानाचा पत्रा शर्यतीच्या गाडीकडे गेला, आपल्याकडे तो प्रवासी गाडीकडे आला. गरिबाच्या देशात त्याने दुसरीकडे जायचे तरी कुठे? वालचंदांनीच १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट निघाल्या, पण त्या प्रेसमध्ये छापलेल्या पोलादी पत्र्याच्या. हातोड्याला तिथे जागा होती ती फक्त ठोकर लागल्यानंतर.

धातू ठोकून आकार द्यायची विद्या मात्र महाराष्ट्राला नवी नव्हती. पेशवाईत कोकणातून पुण्याला आणून वसवलेले त्वष्टा कासार कसब्याच्या तांबट आळीत अजून तांबे मठारतात. हंडा, घंगाळ, बंब हे सगळे दुहेरी वळणाचेच आकार, आणि त्यांतली मूळ क्रिया तीच: ताव, ठोक, पुन्हा ताव. मठारलेल्या भांड्यावरच्या ओळीत बसलेल्या गोल खुणा शोभेच्या वाटतात, पण त्या मुळात धातू आवळून कडक करण्यासाठी असतात. मोटारीचा कारागीर त्याच खुणा पुसून टाकतो, तांबट त्या मिरवतो. बीडकडे अशी तांबटांची मोठी पेठ नव्हती. जुन्या गॅझेटियरात बीडची ख्याती चामड्याच्या छागलींची आणि गुप्त्यांची. काठीच्या पोटात पाते बेमालूम बसवणाऱ्या गावाला धातूचे वावडे नव्हते एवढे मात्र खरे. आणि ॲल्युमिनियम तर विमानाच्या कारखान्याच्याही आधीपासून स्वयंपाकघरात शिरले होते. घराघरांत जर्मनची पातेली आली, तांब्याला कल्हई लावायचा त्रास गेला, आणि कल्हईवाल्याबरोबर ठोक्याचा कानाला असलेला सरावही हळूहळू गेला.

आता एसटी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी निघाली. बेडफर्डची चेसी, लाकडी बॉडी, काथ्याच्या सीट, तीस माणसांची बसायची सोय; रंग निळा आणि वर चंदेरी टप. नगरपर्यंत ती आली, पण पुढे बीडला येऊ शकत नव्हती, कारण आष्टीच्या अलीकडे हद्द संपत होती. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांवर रस्ता वाहतुकीचा विभाग सुरू केला होता आणि आमच्या आजोबांच्या पिढीने मोटार पाहिली ती बहुधा त्यातली आल्बियन. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राज्य गेले, पण मराठवाडा मुंबई राज्यात यायला १ नोव्हेंबर १९५६ उजाडले. त्यानंतर गाड्यांचा, डेपोंचा, माणसांचा खातेबदल. आजच्या एसटी महामंडळाची रीतसर स्थापना १९६१ ची.

सुरुवातीच्या त्या ताफ्याची यादी वाचली की हाताच्या कामाचे महत्त्व लक्षात येते. शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, आल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट. दहा कंपन्यांच्या चेसी. पन्नाशीच्या सुरुवातीला पुणे-महाबळेश्वर मार्गावर मॉरिसच्या चेसीवर 'नीलकमल' आणि 'गिरिआरोहिणी' अशा दोन आरामगाड्या धावल्या. त्यांना पडदे होते, घड्याळ होते, हिरवट काचा होत्या. दहा तऱ्हांच्या चेसींसाठी दहा तऱ्हांच्या डाय, म्हणजे प्रेसचे साचे, कोण बनवणार? प्रेसची डाय परवडायला एकसारखे हजारो नग लागतात. त्यापेक्षा चार सुतार आणि चार पत्रेवाले ठेवणे स्वस्त. शर्यतीच्या गाडीचेही गणित हेच होते. ७५ डी-टाइपसाठी कोणी डाय कापत नाही. हाताचे काम तिथे कलेच्या प्रेमापोटी नव्हते, आकडेच तसे सांगत होते. प्रेम नंतर, गाड्या दुर्मीळ झाल्यावर चिकटले.

पुढे चेसी मुख्यतः टाटा आणि अशोक लेलँड या दोघांच्याच राहिल्या, लाकूड गेले आणि ॲल्युमिनियम आले. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा अशा तीन मध्यवर्ती कार्यशाळांत एसटी स्वतःच्या बॉड्या स्वतः बांधू लागली. ही गोष्ट आपण फार गृहीत धरतो. बस विकत घेणारे महामंडळ वेगळे आणि बस बांधणारे वेगळे. मराठवाड्यातल्या गाड्या चिकलठाण्याच्या. कारखान्यातून चेसी यायची ती उघडीनागडी: चाके, इंजिन, स्टेअरिंग आणि एक फळी. महामार्गावर अशी चेसी हाकणारे डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला फडके गुंडाळलेले चालक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ती हवा काय असते याची कल्पना असेल. तिच्यावर ॲल्युमिनियमच्या सेक्शनचा सांगाडा उभा राहायचा, बाहेरून पत्रा, आतून पत्रा, पायाखाली नक्षीचा जाड पत्रा, आणि हे सगळे धरून ठेवायला रिबिटांच्या रांगा.

बसच्या बाजूचा पत्रा सपाट असतो, टप एका दिशेने वळलेला. हाताचा खरा कस पुढच्या आणि मागच्या कोपऱ्यांत, जिथे छत, बाजू आणि तोंड एकत्र येतात. जुन्या गाड्यांचे गोल खांदे आठवा. तो प्रत्येक खांदा म्हणजे दुहेरी वळण. पत्र्याच्या पाकळ्या कापून, ठोकून, एकमेकींना जोडून बसवलेला. जवळ जाऊन तिरपी नजर टाकली तर डाव्या खांद्यापेक्षा उजवा जरा उचललेला दिसायचा. मोडेनाच्या फेरारीबद्दल हे सांगितले की लोक कौतुकाने मान हलवतात. लाल डब्याबद्दल सांगितले की हसतात. मला दोन्ही प्रतिक्रिया समजतात, पण दोन्हीकडे मोगरी तीच होती.

बीड शहराला रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. परळीला रूळ होते, पण बहुतेक जिल्ह्याला एसटीच. बीड विभागाचे आठ डेपो: बीड, परळी, धारूर, माजलगाव, गेवराई, पाटोदा, आष्टी, अंबाजोगाई. ज्या पत्र्याविषयी बोलतो आहोत त्याची परीक्षा इथल्या रस्त्यांवर झाली. मांजरसुंब्याचा घाट, धारूरचा घाट, बालाघाटाच्या कडेकपारीतले एकपदरी रस्ते. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला की बसने कुठे जायचे? बाजूच्या पत्र्यावर आडवे ओरखडे, मागच्या कोपऱ्याला चेमटा, खिडकीखाली रुमाल आणि पिशव्या फेकून धरलेल्या जागांचे इतिहास. ॲल्युमिनियम गंजत नाही हे खरे, पण पोलादाला चिकटून ओलाव्यात राहिले तर ते स्वतः झिजते. लोखंडी बोल्टाभोवती पांढरी भुकटी, मग भोक मोठे, मग रिबीट सैल, आणि मग ती खडखड जी ऐकल्याशिवाय आमच्याकडच्या माणसाला प्रवास झाल्यासारखे वाटत नसे. दोन धातूंमध्ये रंगाचा किंवा पट्टीचा आडपडदा ठेवला की हे टळते. डी-टाइपच्या कारागिराला ते सांगावे लागत नाही. वर्षाला शेकडो बॉड्या काढणाऱ्या कार्यशाळेत प्रत्येक रिबिटाला असा लाड परवडत नाही.

डेपोतल्या पत्रेवाल्याचे कौशल्य मात्र वेगळेच होते. घडवणारा कोऱ्या पत्र्यापासून सुरू करतो; हा आधीच बिघडलेल्या, ताणलेल्या, कडक झालेल्या पत्र्यापासून. एकदा ताणलेले ॲल्युमिनियम नुसते मागून ठोकून परत जागेवर येत नाही, ते डबीच्या झाकणासारखे टकटक आत-बाहेर होत राहते. त्याला आखडावे लागते. बहुतेक वेळा पाळी येते तो तुकडा कापून नवी पट्टी मारण्याची, आणि एसटीच्या पोटावरची ती ठिगळे काढून ठेवण्यासारखी होती. सफाईदार ठिगळ मारणाऱ्याला कोणी बक्षीस दिल्याचे ऐकिवात नाही. गाडी सकाळच्या फेरीला निघाली पाहिजे, एवढेच त्याचे मोजमाप.

मग शर्यतीची गाडी महाराष्ट्रात कधीच झाली नाही का? शर्यती झाल्या. पन्नास-साठच्या दशकांत मद्रासजवळचे शोळावरम, कलकत्त्याकडचा बराकपूर आणि मुंबईचा जुहू, या धावपट्ट्यांवर मोटारी पळत. ज्या जुहूला १९३२ मध्ये जेआरडी टाटा टपालाचे विमान घेऊन उतरले, तिथेच पुढे शर्यतींचे वळण आखले जाई. त्या काळी आयातबंदीमुळे हौशी मंडळी जुन्या गाडीची चेसी उघडी करून तिच्यावर मनासारखी हलकी बॉडी चढवत. ही 'स्पेशल' गाड्यांची परंपरा गॅरेजातल्या पत्रेवाल्यावरच उभी होती. पण त्या गाड्या एकेक होत्या. त्यांच्या मागे एकही मोडेना उभे राहिले नाही.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांची 'मीरा' ही याच जातीची गोष्ट, फक्त शर्यतीऐवजी स्वस्ताईसाठी. १९४९ साली त्यांनी छोट्या मोटारीचा पहिला नमुना केला आणि सत्तरीच्या दशकापर्यंत एकामागून एक सुधारलेले नमुने केले. परवान्यांच्या राज्यात गाडी उत्पादनापर्यंत पोहोचली नाही. 'मीरा'ची आठवण काढताना लोक इंजिनावर आणि सरकारच्या उदासीनतेवर बोलतात. मला कुतूहल आहे ते अशा एकुलत्या नमुन्यांचा पत्रा वळवणाऱ्या हातांचे. डाय नाही, प्रेस नाही, म्हणजे कोणीतरी तो ठोकूनच काढला असणार, आणि अशा माणसाचे नाव कुठल्याच कागदावर उतरत नाही.

नवे शतक उजाडल्यावर अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीने खरोखरच जुन्या शर्यतीच्या वळणाची गाडी बनवली, 'रोडस्टर १.८ एस'. लोटस या इंग्रज कंपनीच्या सेव्हन गाडीच्या घाटाची, दोन सीटची, बिनदाराची, इंजिन १.८ लिटरचे.  आणि तिची बॉडी फायबरग्लासची. यात नवल नाही. खुद्द लोटसनेही तेच केले होते. १९५७ च्या पहिल्या सेव्हनला ॲल्युमिनियमची बॉडी होती. लोटसच्या कॉलिन चॅपमनने बाजूचे पत्रे मुद्दामच सपाट ठेवले, ते कोणीही वाकवू शकेल. खर्च जाई तो नाकावर आणि मडगार्डांवर, कारण तिथे दुहेरी वळण. १९६० मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा नेमके तेवढेच भाग फायबरग्लासचे झाले. सपाट पत्रा ॲल्युमिनियमचाच राहिला.

आपल्या बसच्या बाबतीत हाच क्रम घडला. आधी गेले ते कोपरे. साचा एकदा केला की त्यातून फायबरचे पुढचे तोंड आणि मागचे तोंड कितीही काढा, प्रत्येक एकसारखे, ना ताव ना चुण्या. डावा खांदा आणि उजवा खांदा जुळू लागला. राहिलेला पत्रा सपाट, तो कापायला कातरयंत्र आणि वाकवायला बेंडिंग मशीन पुरते. म्हणजे एसटीची बॉडी नावाला ॲल्युमिनियमची राहिली तेव्हाच तिच्यातले घडवणे संपले होते. २०१८ च्या आसपास पोलाद आले तेव्हा जाण्यासारखे फारसे उरले नव्हते. त्या बदलाविरुद्ध माझी तक्रारही नाही. अपघातात ॲल्युमिनियमचा डबा कसा उघडा पडतो ते या जिल्ह्याने पाहिलेले आहे. बस बॉडीचे देशभराचे नियम कडक झाले, पोलादी चौकटीत माणूस वाचायची शक्यता जास्त. खांद्याच्या गोलाईसाठी कोणाचा जीव टांगणीला लावायचा नसतो.

खंत वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. चिकलठाण्याच्या आणि दापोडीच्या जुन्या पिढीने लाकूड, मग ठोकलेले कोपरे, मग फायबर हे सगळे टप्पे अंगावर घेतले. त्यांच्या कामाची मोजमापे, लाकडी साचे, पाकळ्यांचे कागदी नमुने जपण्यासारखे आहेत असे कोणाला वाटले नाही. जॅग्वारला साठ वर्षांनी डी-टाइप पुन्हा करता आली ती कंपनीने नकाशे सांभाळले म्हणून. २०१६ मध्ये एक्सकेएसएस ही तिची भावंडगाडी नव्याने केली, तीही १९५७ च्या आगीत जळालेल्या नऊ गाड्यांची भरपाई म्हणून, तेव्हा मूळ गाड्या स्कॅन करून नवा सांगाडा उभारला आणि पत्रा त्यावर हाताने फिरवला. आपली १९४८ ची पहिली बस आज पुन्हा बांधायची तर छायाचित्रांकडे बघून अंदाज करावा लागेल.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शीट मेटल वर्कर हा अभ्यासक्रम अजून आहे. मोगरी, डॉली, ताव, जोड हे सगळे त्यात शिकवतात. मुलांची पहिली पसंती इलेक्ट्रिशियन आणि फिटर, कारण नोकरीच्या जाहिराती त्यांच्याच निघतात. शीट मेटल शिकलेला मुलगा आमच्याकडे जाळीच्या दारांच्या, शेडच्या किंवा एसीच्या डक्टच्या कामाला लागतो. पुण्या-मुंबईतले जुन्या मोटारींचे संग्राहक मात्र दुहेरी वळण काढणारा माणूस शोधत असतात आणि सापडला तर मागेल तो दाम देतात. बीडच्या जालना रोडवर किंवा बार्शी रोडवर डेंटिंग-पेंटिंगच्या टपऱ्या रांगेने आहेत. तिथे बंपर प्लास्टिकचे, मडगार्ड बाजारातून आणलेले, ठोकण्याऐवजी बदलण्याकडे कल. विम्याची कंपनीही नव्या भागाचे बिल सहज मान्य करते, हातोड्याच्या चार तासांचे करत नाही.

जुनी ॲल्युमिनियमची बस आयुष्य संपल्यावर लिलावात निघते. भंगारवाला पहिल्यांदा पत्रा सोडवतो, कारण लोखंडापेक्षा त्याचा भाव कितीतरी जास्त. रिबीट छिन्नीने उडवतात, पत्रा दुमडून गठ्ठे बांधतात आणि भट्टीकडे पाठवतात. त्या भट्टीतून काय निघते हे मालाच्या शुद्धतेवर ठरते: चांगला माल असेल तर पुन्हा पत्रा किंवा पातेली, रंग आणि रिबीट मिसळलेला असेल तर ओतीव भाग, स्कूटरच्या इंजिनाचे झाकण वगैरे.